टाक्यांचा इतिहास

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेवर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पगारवाढ, बोनस, महागाई भत्ता हे आमचे नेहमीचे विषय. वैद्यकाचे शिक्षण आमचे झालेले नाही. जे काही थोडे जाणतो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून मिळवलेले. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही. तोच रजेच्या अर्जांबरोबर युनियनच्या कचेरीत आला. 'सीझर झाले आहे, टाक्यांच्या जागी गाठ आली आहे, यंत्रापाशी उभे राहवत नाही,' असे बाई सांगते. 'बाळंतपण झाले, टाके निघाले, आता कसली गाठ?' असे तिला वरून उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे हे पाहता पाहता आम्ही इतिहासात शिरलो, आणि तिथे जे दिसले ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

पोट फाडून मूल बाहेर काढणे या क्रियेचे दोन भाग आहेत. पहिला मूल काढण्याचा. तो काही मिनिटांचा असतो. दुसरा आईची जखम मिटवण्याचा आणि ती भरून येईपर्यंत तिच्याकडे लक्ष देण्याचा. पहिल्या भागाच्या कथा सर्व देशांत आहेत. दुसऱ्याचा इतिहास मात्र फार उशिरा सुरू झाला, आणि आमच्या समजुतीप्रमाणे तोच खरा इतिहास आहे.

नाव आणि दंतकथा

रोमचा जूलियस सीझर असा जन्मला म्हणून या क्रियेला त्याचे नाव पडले, अशी समजूत सर्वत्र आहे. ती टिकत नाही. सीझरची आई ऑरेलिया मुलगा कर्तासवरता होईपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळी पोट फाडलेली स्त्री जगणे जवळजवळ अशक्य होते. रोमन कायदा एवढेच सांगत होता, की गरोदर स्त्री मेली तर मूल काढल्यावाचून तिला पुरू नये. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही, आई मेली आणि कुशीत स्पंदन दिसत असेल तर वैद्याने पोट चिरून मूल काढावे, असे सांगितले आहे. याच सुश्रुताने व्रणावरचे साठ उपचार सांगितले. परंतु इथे व्रण भरून येण्याचा प्रश्नच नव्हता. आई आधीच गेलेली होती. शेकडो वर्षे ही शस्त्रक्रिया टाक्यांचा विचार न करता चालली, याचे मूळ इथे आहे. ज्या शरीराला पुढे जगायचेच नाही त्याची जखम कोण मिटवतो?

जिवंत स्त्रीवर ही क्रिया केल्याची पहिली प्रसिद्ध कथा स्वित्झर्लंडमधली आहे. याकोब नुफर नावाच्या, डुकरे खच्ची करण्याचा धंदा करणाऱ्या माणसाने इ. स. १५०० च्या सुमारास आपल्या बायकोचे पोट फाडून मूल काढले आणि ती जगली, असे सांगतात. पण ही हकीकत छापली गेली सुमारे ऐंशी वर्षांनी, म्हणून अभ्यासक ती जपूनच घेतात. १५८१ साली फ्रान्सच्या फ्रांस्वा रूसे याने जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करावी असा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. त्याच्याच काळचा नामांकित शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे याने त्याला विरोध केला. रूसेचा ग्रंथ धाडसाचा खरा. परंतु त्यात एक सल्ला होता, आणि तो पुढे तीनशे वर्षे बायकांच्या जिवावर उठला. गर्भाशयाला टाके घालू नका, ते आपोआप आकसून मिटते, असा तो सल्ला. पोटाच्या कातडीला टाके पडत, आतली पिशवी मात्र उघडीच राही. तिच्यातून रक्त आणि स्राव पोटात उतरे, आणि बाई रक्तस्रावाने तरी जाई, नाही तर पुवाने. १६१० साली जर्मनीत विटेनबर्ग येथे यिरेमियास ट्राउटमान याने केलेली शस्त्रक्रिया नीट नोंदली गेली आहे. त्या स्त्रीचा मृत्यू पंचविसाव्या दिवशी झाला.

सुईणींचे हात

ग्रंथकार असा सल्ला देत असताना, ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते ते काय करीत होते? १७३८ साली आयर्लंडमध्ये अॅलिस ओ'नील नावाची शेतकऱ्याची बायको बारा दिवस अडली होती. मूल पोटातच गेलेले. मेरी डोनली नावाची एक निरक्षर सुईण आली, तिने वस्तऱ्याने पोट आणि गर्भाशय चिरून मूल काढले, आणि जखमेच्या कडा हाताने घट्ट धरून बसली. तोवर एक माणूस मैलभर जाऊन रेशीम आणि शिंप्याच्या सुया घेऊन आला. त्या सुयांनी तिने जखम शिवली आणि वरून अंड्याचा पांढरा बलक लावला. सुमारे सत्तावीस दिवसांनी ती बाई एक मैल चालली. हे सारे डंकन स्ट्यूअर्ट नावाच्या शस्त्रवैद्याने लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला कळते. जखमेच्या कडा हाताने धरून बसलेली ती सुईण डोळ्यांसमोर आणावी. मूल तर गेलेच होते. ती जे धरून बसली होती ते आईचे आयुष्य होते.

दुसरी नोंद आफ्रिकेतली. १८७९ साली आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात, काहुरा या गावी, रॉबर्ट फेल्किन या इंग्रज प्रवाशाने स्थानिक वैद्याची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. बाईला केळ्याची दारू पाजून गुंगी आणलेली होती. वैद्याने आपले हात आणि बाईचे पोट आधी त्याच दारूने आणि मग पाण्याने धुतले. रक्त वाहणाऱ्या जागा तापलेल्या लोखंडाने डागल्या. मूल आणि वार काढल्यावर गर्भाशय हाताने दाबून आकसवले. जखमेवर गवताची विरळ विणलेली चटई घट्ट बांधून बाईला कुशीवर कलते केले, म्हणजे आत साचलेले पाणी बाहेर वाहून जावे. मग पोटाची जखम सात पातळ लोखंडी सळयांनी जोडली, सळयांभोवती सालीच्या दोऱ्याचे वेढे दिले, मुळ्या चावून केलेला लेप लावला, वर शेकलेले केळीचे पान ठेवले आणि पट्टा आवळला. तिसऱ्या दिवसापासून सळया थोड्या थोड्या काढीत सहाव्या दिवशी सगळ्या निघाल्या. अकराव्या दिवशी जखम भरली होती. यात गर्भाशयाला टाका नव्हता हे खरे, पण हात धुणे, स्राव बाहेर काढणे, टाके क्रमाक्रमाने काढणे, रोज जखम पाहणे, हे सर्व होते. युरोपातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत यातले पुष्कळसे अलीकडेपर्यंत नव्हते.

त्या रुग्णालयांचा हिशोब भयंकर आहे. पॅरिस शहरात १७८७ ते १८७६ या काळात या शस्त्रक्रियेतून एकही स्त्री वाचली नाही, असे प्रसूतिशास्त्राचे इतिहासकार नोंदवतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हॅरिस या वैद्याने १८८७ साली एक विलक्षण तुलना मांडली. बैलाने शिंग खुपसून पोट फाडलेल्या गरोदर बायकांची प्रकरणे त्याने गोळा केली, आणि शस्त्रवैद्याने फाडलेल्या बायकांपेक्षा बैलाने फाडलेल्या अधिक जगतात असे दाखवले! बैलाचे शिंग स्वच्छ असते असे नव्हे. पण ती बाई जखमी होण्याच्या क्षणापर्यंत धडधाकट असे. इस्पितळात मात्र दिवसचे दिवस अडून, थकून, तापाने फणफणलेली बाई अखेरच्या घटकेला सुरीखाली येई, आणि तीही न धुतलेल्या हातांच्या.

कोणाचे पोट फाडले गेले

इथे एक प्रश्न आमच्यासारख्याला सुचल्यावाचून राहत नाही. त्या काळी ही शस्त्रक्रिया कोणावर होत होती? बहुतेक करून मुडदूस झालेल्या बायकांवर. लहानपणी ऊन मिळाले नाही, दूधदुभते मिळाले नाही, की हाडे मऊ राहतात, वाकतात, आणि ओटीपोटाची हाडांची चौकट इतकी चेपते की मूल तिच्यातून उतरतच नाही. ब्रिटिश वैद्यक संघाने १८८९ साली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा मुडदुसाचा नकाशा आणि कारखानदारीचा नकाशा जवळजवळ एकच निघाला. धुराने आकाश झाकलेली शहरे, सूर्य न दिसणाऱ्या चाळी, आणि त्यांत वाढलेल्या मजुरांच्या मुली. ग्लासगो शहर त्यांत अग्रेसर होते. मुडदुसावर अतिनील किरण हे औषध आहे हे १९१९ साली बर्लिनमध्ये सिद्ध झाले. तोवर त्या हाडांची किंमत बाईने पोटावर मोजली.

चांगला टाका कसा मिळाला, हीदेखील अशीच कथा आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स या शस्त्रवैद्याने १८४५ ते १८४९ या काळात, अडलेल्या बाळंतपणाने फाटून मूत्राशयाला भोक पडलेल्या गुलाम स्त्रियांवर प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतल्या तिघींची नावे टिकली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, आणि भूल दिलीच नाही. रेशमाच्या टाक्यांना पू धरे. अखेर चांदीच्या तारेचे टाके घातले तेव्हा जखम मिटली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सिम्सचा पुतळा होता, तो २०१८ साली लोकांच्या मागणीवरून हलवला गेला. पुतळा हलवणे योग्यच झाले. पण आमचे म्हणणे असे, की जगातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात त्या तिघींची नावे लावावीत. 'बाई, तुझ्या पोटाला जो टाका आहे तो यांच्या अंगावर शिकला गेला', एवढे तरी सर्वांना कळावे.

मग सुधारणा भराभर झाल्या. १८४७ साली व्हिएन्नात झेमेलवाइसने हात धुण्याचा आग्रह धरला, १८६७ साली लिस्टरने कार्बोलिकने जखम जंतुरहित ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. १८७६ साली इटलीत पाविया येथे एदुआर्दो पोरोने मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले, म्हणजे रक्त वाहायला जागाच नको. ती स्त्री वाचली. पण आई होण्याचा तिचा मार्ग कायमचा बंद झाला. १८८१ साली जर्मनीच्या फेर्डिनांड केरेर याने गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन तो नीट शिवला, आणि १८८२ साली लाइपझिगच्या माक्स झेंगर याने साऱ्या जगाला पटेल असे लिहिले: गर्भाशय शिवलेच पाहिजे, आणि तेही एका पदरात नव्हे, आतला खोल थर वेगळा आणि वरचा वेगळा. रूसेच्या सल्ल्याला तीनशे एक वर्षे झाली होती. १८८८ साली त्याच धुराच्या ग्लासगोमध्ये मर्डॉक कॅमेरॉनने मुडदुसाने खुजी राहिलेल्या एका स्त्रीवर झेंगरच्या रीतीने शस्त्रक्रिया केली. आई वाचली, मुलगाही वाचला. त्याचे नाव सीझर कॅमेरॉन ठेवले.

मिटलेली जखम गप्प बसत नाही

बाई जगू लागली तेव्हाच व्रणाचे दुखणे हा प्रश्न जन्मला. कारण मेलेल्या बाईचा व्रण दुखत नाही. पोटावरच्या उभ्या छेदातून पुढे आतडी फुगून वर येत, म्हणजे हर्निया होई. तो टाळावा म्हणून योहान फानेनश्टील याने १९०० साली ओटीपोटावर आडवा छेद घेण्याची रीत सांगितली. आज बहुतेक बायकांच्या पोटावर दिसतो तो हाच. ग्लासगोच्याच मन्रो केर याने १९११ पासून गर्भाशयावरही खाली आडवा छेद घ्यावा असा आग्रह धरला, कारण वरचा उभा व्रण पुढच्या बाळंतपणात फाटण्याचे भय अधिक. १९१६ साली न्यूयॉर्कचा एडविन क्रेगिन म्हणाला, की एकदा अशी प्रसूती झाली की पुढच्याही तशाच होणार. लोकांनी हे वाक्य नियम म्हणून पाठ केले. त्याचा रोख मात्र पहिलीच शस्त्रक्रिया उगाच करू नका, असे बजावण्याचा होता.

आता गाठींकडे येऊ. आमच्याकडे येणाऱ्या बायका 'गाठ' हा एकच शब्द वापरतात, पण त्या एका शब्दात निरनिराळी दुखणी दडलेली असतात. पहिल्या काही दिवसांत आलेला फुगवटा बहुधा साचलेल्या रक्ताचा किंवा पाण्याचा असतो; ताप आला, लाली चढली, ठणका लागला, तर आत पू धरला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बारीक टणक गाठ आली तर ती न विरघळलेल्या टाक्याभोवती शरीराने बांधलेली भिंत असू शकते. उभे राहिल्यावर, खोकल्यावर फुगणारी आणि आडवे झाल्यावर बसणारी गाठ ही हर्नियाची. कातडीचा व्रणच जाड होऊन, खाजत, जखमेच्या हद्दीबाहेर पसरला तर तो केलॉइड. खेकड्याच्या नांगीसारखा पसरतो म्हणून फ्रान्सच्या आलिबेरने त्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव दिले. सावळ्या कातडीच्या माणसांत तो अधिक आढळतो, आणि नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्याहून मोठा होऊन परत येतो.

आणि एक गाठ अशी आहे की तिची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. काही बायका सांगतात, 'गाठ दर महिन्याला पाळीच्या वेळी दुखते, मग शमते.' ऐकणाऱ्याला हा मनाचा खेळ वाटतो. पण १९०३ साली रॉबर्ट मायर या जर्मन शास्त्रज्ञाने शस्त्रक्रियेच्या व्रणात गर्भाशयाच्या अस्तरासारखे मांस सापडल्याचे नोंदवले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या अस्तराचे कण जखमेत राहतात, तिथे रुजतात, आणि महिन्याच्या महिन्याला गर्भाशयाप्रमाणेच सुजतात, रक्त सोडतात. शंभरांत एकीलाही होत नाही असे हे दुखणे. परंतु जिला होते तिला ते काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी सुरू होते, आणि टाक्याची गाठ किंवा हर्निया समजून त्याची वासलात लावली जाते. ओळखू आले तर भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह कापून काढले की बहुतेक वेळा सुटका होते. ओळखण्याची किल्ली कोणाजवळ असते? बाईच्या बोलण्यात. 'पाळीच्या वेळी दुखते' हे तिचे तीन शब्द कोणी ऐकून घेतले, तर अर्धे निदान तिथेच झाले.

जखम का भरत नाही, याचेही उत्तर इतिहासात आहे. १७४० च्या दशकात इंग्रज आरमाराचा अधिकारी अॅन्सन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असता त्याच्या खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांतल्या एकाला १६९० च्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा पुन्हा उघडल्या! १९३९ च्या सुमारास बॉस्टनचा तरुण शस्त्रवैद्य जॉन क्रँडन याने क जीवनसत्त्व नसलेला आहार घेऊन स्वतःवरच प्रयोग केला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर केलेली जखम भरली, सहाव्या महिन्यात केलेली भरेना. क जीवनसत्त्व दिल्यावर ती भरली. म्हणजे व्रण हा एकदा शिवून संपलेला कपडा नव्हे. शरीर तो आतून सतत विणत असते, आणि त्याला लागणारा धागा बाईच्या ताटातून येतो. बाळंतिणीला डाळ, अंडे, आवळा, लिंबू, पालेभाजी देणे हे लाड नव्हेत. तो टाक्याचा दुसरा पदर आहे. शिवाय पूर्ण भरलेल्या व्रणालाही मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच बळ येते, आणि तेही महिन्यांनी. वरची कातडी दहा दिवसांत मिटलेली दिसते म्हणून आतले काम संपले असे समजणे, भिंतीला गिलावा झाला म्हणून पाया वाळला असे समजण्यासारखे आहे.

आजचा प्रश्न

आज ही शस्त्रक्रिया सुरक्षित झाली आहे आणि ती लाखो मायलेकरांचे प्राण वाचवते. तिच्याविरुद्ध बोलण्याचा आमचा हेतू नाही. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली २१.५ टक्के बाळंतपणे अशी झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, आणि खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. एकाच देशातल्या बायकांची हाडे दवाखान्याची पाटी पाहून बदलतात काय? जिथे जरूर नव्हती तिथे झालेली शस्त्रक्रिया ही पुढच्या प्रत्येक गरोदरपणात वार व्रणाला चिकटण्याचा धोका वाढवते. क्रेगिनचा इशारा शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

आणि जिथे जरूर होती तिथे पुढची काळजी कोणाची? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. त्या १९६१ च्या कायद्यात एक कलम असे घातले होते, की गरोदरपण किंवा बाळंतपण यांतून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना पगारी रजा मिळावी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे. आमचा अनुभव असा, की या कलमाची माहिती दहा बायकांत एकीलाही नसते. एका कारखान्यात पू धरलेल्या टाक्यांसाठी मागितलेली रजा 'हा आजार बाळंतपणाचा नाही' म्हणून नाकारली होती. डॉक्टरांचा दाखला आणि हे कलम पुढे ठेवल्यावर ती मंजूर झाली. पण शेतावर, वीटभट्टीवर, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईने हे कलम कोणापुढे ठेवावे? तिचा खाडा म्हणजे तिची चूल. म्हणून ती दुखणे अंगावर काढते, ओला व्रण लुगड्याखाली झाकते आणि डोक्यावर पाटी घेते.

श्रोतेहो, इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एखादी तरी अशी बाळंतीण असेल, किंवा कामाला येत असेल. तिला सहा आठवडे जड उचलू देऊ नका. तिच्या ताटाकडे पाहा. सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे पाठवाल तेव्हा बाळाबरोबर तिचा व्रणही दाखवायला सांगा. आणि ती 'गाठ आहे' म्हणाली, मग वर्षाने म्हणो की पाच वर्षांनी, तर 'कधी दुखते?' हा एक प्रश्न तिला विचारा, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या. मेरी डोनली जखमेच्या कडा धरून बसली, ती कोणी रेशीम घेऊन येईल या भरवशावर. रेशीम आणायला एक मैल कोणीतरी जावेच लागते. ते काम आपल्याकडे आहे, एवढे सांगून आमचे बोलणे पुरे करतो.